शिदोरीचा ओलावा

कुंभकोणमपासून काही किलोमीटरवर, कावेरीच्या काठी वसलेले स्वामीमलै हे मुरुगनाच्या सहा प्रमुख स्थानांपैकी एक. मंदिर उंचवट्यावर आहे, पण तो उंचवटा माणसांनी रचलेला आहे. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील सपाट भातशेतीत डोंगर कुठून येणार? साठ संवत्सरांची नावे धारण करणाऱ्या 60 पायऱ्या चढून भाविक वर पोहोचतो. महाराष्ट्रातून येणारी कुटुंबे मात्र केवळ स्वामीमलैसाठी क्वचितच येतात. कुंभकोणमच्या भोवती पसरलेल्या नऊ ग्रहमंदिरांची फेरी हा त्यांचा मुख्य बेत असतो. सूर्यनारकोविल, तिंगळूर, आलंगुडी, कंजनूर अशी जवळची स्थाने, तर शनीचे तिरुनळ्ळार कारैक्कालकडे आणि केतूचे कीळपेरुम्पळ्ळम थेट समुद्राच्या बाजूला. पहाटे निघालेली गाडी रात्रीपर्यंत फिरत राहते. दुपारी बहुतेक मंदिरे बंद असतात, लहान गावांत जेवणाची सोय वेळेवर मिळेलच असे नाही, आणि मग घरून आणलेला डबा उघडला जातो.

त्या डब्यात अलीकडे लाडू-चिवड्याच्या जोडीला एक नवा पदार्थ आढळतो. शेंगदाणे, काजू, बदाम, बेदाणे, भोपळ्याच्या बिया, कधी खोबऱ्याचे काप, कधी लाह्या असा एकत्र केलेला कोरडा मेवा. शहरी दुकानांत तो ‘ट्रेल मिक्स’ या नावाने विकला जातो. सह्याद्रीतील गडकोट पायी फिरणाऱ्यांच्या पाठपिशव्यांतही तो स्थिरावला आहे, आणि आता अनेक महिला बचत गट तो तयार करून विकू पाहत आहेत. कृषी विज्ञान केंद्रांच्या मूल्यवर्धन प्रशिक्षणांतही त्याला मागणी येऊ लागली आहे. ही घडामोड स्वागतार्ह आहे. या मिश्रणात जे जे लागते त्यातील बहुतेक सारे कोरडवाहू शेतकऱ्याच्या शिवारात, सांगली-नाशिकच्या द्राक्षबागांत आणि कोकणातील काजूच्या बागांत पिकते. मात्र ज्या रीतीने हा पदार्थ शिकवला जात आहे, तीत एक मूलभूत उणीव आहे. तो पाककृती म्हणून शिकवला जातो. वस्तुतः तो वाळवण आणि साठवण यांचा विषय आहे.

महाराष्ट्रातील कोरड्या हवेत भरलेला हा डबा कावेरीच्या दमट मुलखात तिसऱ्या-चौथ्या दिवशी उघडला, तर लाह्या चिवट झालेल्या असतात, शेंगदाण्यांचा कुरकुरीतपणा गेलेला असतो आणि खोबऱ्याला खवट वास येऊ लागलेला असतो. दोष तेथील हवेला दिला जातो. ऑक्टोबर ते डिसेंबर हा त्या भागातील मुख्य पावसाळा असल्याने हवेचा वाटा असतोच. पण डब्याचे झाकण घट्ट असले तरी बिघाड टळत नाही, कारण ओलाव्याचा मोठा साठा डब्याच्या आतच ठेवलेला असतो. चांगल्या बेदाण्यात सुमारे 15 टक्के पाणी असते. नीट भाजलेल्या शेंगदाण्यात ते जेमतेम 2 टक्के उरते. दोन्ही एका डब्यात आले की पाणी बेदाण्यातून शेंगदाण्याकडे आणि लाह्यांकडे सरकू लागते. अन्नशास्त्रात याचा हिशेब पाण्याच्या टक्केवारीवर न मांडता ‘वॉटर ॲक्टिव्हिटी’वर, म्हणजे पदार्थातील पाणी किती मोकळे आहे यावर मांडतात. ही पातळी दोन्ही पदार्थांत सारखी होईपर्यंत ओलावा सरकत राहतो. परिणामी बेदाणा कडक होतो, दाणा मऊ पडतो, आणि दोघेही आपापला गुण गमावून बसतात.

जुन्या पिढ्यांनी हे शास्त्र या शब्दांत मांडले नव्हते, पण पाळले होते. पंढरपूरहून वारकरी जो प्रसाद घरी नेतो तो पाहावा. चुरमुरे, लाह्या, फुटाणे, बत्तासे. यात एकही ओलसर घटक नाही. सारे पदार्थ जवळजवळ सारखे कोरडे आहेत, आणि गोडीसाठी गुळाऐवजी बत्तासा आहे, जो साखरेचा असून कोरडा असतो. तमिळ मुलखातही चुरमुरे आणि भाजकी डाळ यांची जोडी अशीच रूढ आहे. महाराष्ट्रात त्याच डाळीला पंढरपुरी डाळ म्हणतात. दुसऱ्या टोकाला पळनीचे पंचामृत आहे. केळी, गूळ किंवा खांडसरी, तूप, मध आणि वेलची यांचे हे मिश्रण पूर्णतः ओले आणि दाट गोड असते; 2019 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. या दोन्ही परंपरा मुरुगनाच्या आणि विठ्ठलाच्या भक्तांनी शतकानुशतके चालवल्या, परंतु कोरडे कोरड्यात आणि ओले ओल्यात हा दंडक कोणीही मोडला नाही. दोन्ही एकत्र करून पिशवीत भरण्याची कल्पना आधुनिक बाजाराची आहे.

तिसरा मार्गही परंपरेत आहे आणि प्रशिक्षणांत त्याची पुरेशी दखल घेतली जात नाही. गूळ हवेतील ओलावा ओढतो. पावसाळ्यात गुळाच्या ढेपेला पाझर फुटतो हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. तोच गूळ कडक पाकापर्यंत आटवला की त्यातील बहुतेक पाणी निघून जाते आणि थंड झाल्यावर तो दाण्याभोवती काचेसारखे आवरण धरतो. लोणावळ्याची चिक्की हेच करते. तमिळनाडूत तूतुकुडी जिल्ह्यातील कोविलपट्टीची शेंगदाणा-गुळाची वडी याच तत्त्वावर उभी आहे, आणि तिलाही 2020 साली भौगोलिक मानांकन लाभले. प्रवासी मिश्रणात गोडी हवीच असेल तर गुळाची पूड किंवा खजुराचे तुकडे घालण्यापेक्षा चिक्कीचे बारीक तुकडे घालणे अधिक शहाणपणाचे. वडीचा कडकपणा टिकला पाहिजे एवढीच अट.

प्रवाशाला अन्न पुरवण्याची तंजावर भागातील परंपरा मराठी वाचकाला परकी नाही. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावर घेतले आणि 1855 पर्यंत भोसल्यांची गादी तेथे राहिली. रामेश्वरच्या वाटेवर त्या घराण्याने अनेक अन्नछत्रे बांधली. सरफोजीराजे दुसरे यांच्या काळातील ओरत्तनाडू येथील मुक्तांबाळ छत्र त्यांपैकी प्रसिद्ध. जेथे छत्र होते तेथे यात्रेकरूला ताजे शिजवलेले अन्न मिळे, आणि दोन छत्रांमधल्या वाटेसाठी बांधलेला भात किंवा कोरडा खाऊ असे. शिदोरीला तमिळमध्ये ‘कट्टुच्चोरु’ म्हणजे बांधलेला भात म्हणतात. चिंचेचा कोळ आणि तेल यांमुळे तो भात दिवसभर टिके. येथेही टिकवण्याचा विचार आधी आणि चवीचा नंतर.

मुरुगनाच्या नैवेद्यात ‘तिनै मावु’ असतो. तिनै म्हणजे राळा. राळ्याचे पीठ आणि मध असा हा साधा पदार्थ. डोंगरावर राळ्याचे शेत राखणाऱ्या वल्लीच्या प्रेमात मुरुगन पडला, या कथेशी तो जोडलेला आहे. महाराष्ट्रातही राळे एकेकाळी घरोघरी होते. आज अनेक तालुक्यांत ते शोधावे लागतात. केंद्र शासनाने 2018 साली भरड धान्यांना पोषक तृणधान्ये असे नाव दिले, 2023 हे आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष म्हणून साजरे झाले, आणि तरीही राळ्याचा पेरा वाढण्यातली खरी अडचण तशीच राहिली. ती अडचण म्हणजे टरफल काढण्याचे कष्ट.

या संदर्भात कुंभकोणमचेच एक नाव घ्यावे लागते. डॉ. एम. एस. स्वामीनाथन यांचा जन्म 7 ऑगस्ट 1925 रोजी कुंभकोणम येथे झाला. स्वामीमलैच्या देवाचे नावही स्वामीनाथ. गहू-भाताच्या हरितक्रांतीशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले, पण त्यांनी स्थापन केलेल्या संशोधन प्रतिष्ठानने नामक्कल जिल्ह्यातील कोल्ली डोंगरांत बारीक तृणधान्यांवर दीर्घकाळ काम केले. तेथे राळा, सावा, वरी यांची जागा टॅपिओकाच्या नगदी पिकाने घेतली होती. धान्य आरोग्यदायी आहे असे सांगून लोक परतले नाहीत. गावात टरफल काढणारी यंत्रे आली, बायकांच्या हातातले मुसळ सुटले आणि गटांना धान्याचे पदार्थ विकता येऊ लागले, तेव्हा पेरणीला अर्थ आला. प्रवासी मिश्रणात राळ्याच्या किंवा ज्वारीच्या लाह्या घालण्याचा सल्ला देताना विस्तार कार्यकर्त्याने हा अनुभव ध्यानात ठेवावा. पदार्थाची मागणी निर्माण करणे सोपे आहे. तालुक्यात टरफल काढण्याचे एक यंत्र चालू स्थितीत ठेवणे कठीण आहे. पहिल्या गोष्टीची छायाचित्रे चांगली येतात, हे कारण दुसरीकडे दुर्लक्ष होण्यास पुरेसे असू नये.

आता या विषयातील सर्वांत गंभीर बाब. शेंगदाणा हा प्रवासी मिश्रणाचा कणा आहे. तो स्वस्त, प्रथिनयुक्त आणि पोटाला आधार देणारा. पण ओल्या शेंगा नीट न वाळवता पोत्यात भरल्या, किंवा काढणीच्या वेळी पाऊस लागला, की दाण्यावर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. त्याचा शोधच एका आपत्तीतून लागला. 1960 साली इंग्लंडमध्ये शेंगदाणा पेंड खाल्लेल्या सुमारे 1 लाख टर्की पक्ष्यांचा मृत्यू झाला. भारताला त्याची ओळख अधिक दुःखद रीतीने झाली. 1974 साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या जिल्ह्यांत बुरशी लागलेला मका खाल्ल्याने यकृताचा आजार पसरून 100 हून अधिक माणसे दगावली. हे विष अल्प प्रमाणात दीर्घकाळ पोटात गेल्यास यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. आणि भाजल्याने ते पूर्णपणे नष्ट होत नाही. बुरशी मरते, विषाचा बराच भाग राहतो.

व्यवहारात धोका कोठून येतो? अफ्लाटॉक्सिन सर्व दाण्यांत सारखे विखुरलेले नसते. ते मुख्यत्वे सुरकुतलेल्या, फुटलेल्या, किडक्या आणि रंग बदललेल्या दाण्यांत साचलेले असते. निवडीच्या टेबलावरून नेमके हेच दाणे बाजूला पडतात, आणि नेमके हेच दाणे स्वस्तात मिळतात. अख्खा टपोरा दाणा व्यापाऱ्याला जातो, उरलेला ‘मिक्सला चालेल’ म्हणून ठेवला जातो. भाजून, मीठ-मसाला लावून, काजू-बेदाण्यांत मिसळल्यावर तो ओळखूही येत नाही. मुलांच्या शाळेच्या डब्यात आणि यात्रेकरूच्या पिशवीत तो जातो. ज्या गटाने खर्च वाचवण्यासाठी हा मार्ग धरला, त्याने पदार्थ बनवू नये हेच बरे. निवडीत निघालेला दाणा मिश्रणात जाता कामा नये, घरच्या चटणीतही जाता कामा नये आणि जनावरांच्या खाद्यातही नाही, कारण दुभत्या जनावराच्या दुधातून तो विषारी अंश परत माणसाकडे येतो. गट सुरू करताना पाककृतीची वही नंतर घ्यावी. आधी चाळणी, भरपूर उजेडाचे निवडीचे टेबल आणि ओलावा मोजणारे यंत्र घ्यावे. शेंगा साठवताना ओलावा 8 ते 9 टक्क्यांपेक्षा जास्त नसावा. काढणीनंतर वेल उलटे करून, शेंगा वर राहतील असे वाळवणे ही जुनी शिफारस अजूनही सर्वांत स्वस्त उपाय आहे.

बेदाण्याबाबतही एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. सांगली-तासगाव पट्ट्यातील बेदाणा उत्पादक द्राक्षघड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून सावलीतील रॅकवर वाळवतात. शिफारशीप्रमाणे लिटरला 25 ग्रॅम कार्बोनेट आणि 15 मिली तेल पुरते. यामुळे सालीवरचा मेणाचा थर सैल होऊन पाणी लवकर निघते. पुढे पिवळा-हिरवा रंग टिकवण्यासाठी गंधकाची धुरी दिली जाते. प्रवासी मिश्रणासाठी हा झळाळता रंग हवाच कशाला? तपकिरी बेदाणा चवीला उणा नसतो. गंधकाची धुरी दिलेला माल वापरला, तर दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटचा त्रास होऊ शकतो, आणि लेबलवर ते लिहिणे हे कर्तव्य ठरते. शेंगदाणा आणि काजू यांची नोंदही लेबलवर ठळक असावी; त्यांची ॲलर्जी असणाऱ्याला ती माहिती जीव वाचवणारी असते.

घरासाठी करायचे झाल्यास प्रमाण फार काटेकोर असण्याची गरज नाही. एका व्यक्तीला दिवसभराच्या चालीसाठी 100 ग्रॅम मिश्रण धरावे. त्यात 30 ग्रॅम भाजलेले शेंगदाणे, 25 ग्रॅम फुटाणे, प्रत्येकी 10 ग्रॅम काजू, भोपळ्याच्या बिया आणि ज्वारीच्या किंवा राळ्याच्या लाह्या, आणि 15 ग्रॅम बेदाणे घेतल्यास सुमारे 450 किलोकॅलरी ऊर्जा आणि 18 ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. यात परदेशी क्रॅनबेरी नाही, आणि तिची उणीवही भासत नाही. प्रत्येक घटक वेगळा भाजावा, कारण फुटाणा आणि काजू यांना लागणारी आच सारखी नसते. भाजलेला माल पूर्ण थंड झाल्याशिवाय डबा बंद करू नये. कोमट दाण्यांची वाफ झाकणाच्या आतल्या बाजूला जमते आणि सारी मेहनत वाया घालवते. सुके खोबरे आणि कुटलेली जवस यांना उन्हात उभ्या गाडीत लवकर खवट वास येतो, म्हणून लांबच्या प्रवासात त्यांना वगळणे चांगले. अख्खी भाजलेली जवस मात्र चालते. मीठ बेताचे. चालताना तहान वाढवणारा खाऊ कोणालाच नको असतो, आणि नवग्रहांच्या वाटेवर पाण्याची बाटलीही दर तासाला संपते. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे दाणे देऊ नयेत; घशात अडकण्याचा धोका खरा आहे.

बेदाण्यांची पुडी वेगळी बांधावी आणि खाण्याच्या वेळीच दाण्यांत मिसळावी. विक्रीसाठी माल तयार करणाऱ्या गटांनीही हाच मार्ग धरावा. एका पाकिटात दोन कप्पे, किंवा मोठ्या पाकिटात बेदाण्यांचे छोटे पाकीट. दिसायला हे कमी आकर्षक वाटेल, पण ग्राहक दुसऱ्यांदा परत येतो तो कुरकुरीत दाण्यासाठी. साधी पातळ पॉलिथिनची पिशवी ओलावा अडवत नाही, त्यामुळे दमट भागात जाणाऱ्या मालाला धातूचा थर असलेले बहुस्तरीय पाकीट लागते. त्याचा खर्च किमतीत धरावा लागेल. मग गडाच्या पायथ्याशी आणि मंदिराच्या पायऱ्यांवर पडणाऱ्या रिकाम्या पाकिटांचा प्रश्न उभा राहतो, आणि स्थानिक विक्रीसाठी परत घेता येणाऱ्या काचेच्या बरण्या हा काही गटांना परवडणारा पर्याय ठरू शकतो.

अशा उद्योगांसाठी आर्थिक आधार उपलब्ध आहे. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग उन्नयन योजनेत प्रकल्प खर्चाच्या 35 टक्के, कमाल 10 लाख रुपये, कर्जसंलग्न अनुदानाची तरतूद करण्यात आली. या योजनेच्या प्रशिक्षणाचा तांत्रिक कणा असलेल्या राष्ट्रीय संस्थांपैकी एक तंजावरमध्ये, म्हणजे स्वामीमलैपासून तासाभराच्या अंतरावर आहे. भात प्रक्रिया संशोधन केंद्र म्हणून तिची सुरुवात झाली होती. अनुदानाच्या प्रस्तावांत भाजणी यंत्र आणि पॅकिंग यंत्र नेहमी असते. ओलावामापक आणि निवडीचे टेबल मात्र क्वचितच असते, कारण त्यांची किंमत इतकी कमी की प्रस्तावात ती दिसतच नाही. विस्तार अधिकाऱ्यांनी प्रस्ताव तपासताना या दोन ओळी आहेत की नाहीत हे आधी पाहावे.

बियाण्यापासूनही काही करता येण्यासारखे आहे. जुनागढ येथील भुईमूग संशोधन संस्थेने इक्रिसॅटच्या सहकार्याने विकसित केलेल्या गिरनार 4 आणि गिरनार 5 या वाणांच्या तेलात ओलिक आम्लाचे प्रमाण सुमारे 80 टक्के असते. साधारण वाणांत ते याहून बरेच कमी असते. ओलिक आम्ल जितके जास्त तितका भाजलेला दाणा उशिरा खवट होतो, आणि प्रवासी मिश्रणासारख्या पदार्थाला नेमका हाच गुण हवा असतो. भाजण्यासाठी टपोऱ्या दाण्याची मागणी आहे, पण ओलिकचा गुण पाहून भाव देणारा खरेदीदार मराठवाड्यात किंवा खानदेशात अद्याप सहजी सापडत नाही. हा खरेदीदार म्हणून बचत गटच पुढे येऊ शकतात. त्यासाठी उन्हाळी भुईमुगाच्या पेरणीआधी, म्हणजे जानेवारीत, चार-पाच शेतकऱ्यांशी वाण, वाळवणीची पद्धत आणि निवडीनंतरचा भाव यांचा लेखी करार व्हायला हवा. बाजूला पडलेल्या दाण्याचे नुकसान कोणी सोसायचे, हेही त्याच कागदावर लिहिलेले असावे, कारण तो दाणा पुन्हा पोत्यात शिरतो तो याच प्रश्नाचे उत्तर ठरलेले नसते म्हणून.